यादी, रुजवात आणि मोर्तब : लिनक्सच्या नोंदवहीचा इतिहास

राज्य शासनाच्या लेखा विभागात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारण्याची सवय जडलेली असते. पुस्तकात जे आहे ते कोठीत आहे काय? आणि कोठीत जे आहे ते पुस्तकात आहे काय? पहिल्या प्रश्नाने चोरी उघडकीस येते, दुसऱ्याने गबाळेपणा. मार्चअखेरीस कोणत्याही कार्यालयात भांडार-पडताळणीस गेलो की मी चहा घेण्यापूर्वी नोंदवही मागत असे, आणि नोंदवही पुढे येण्यास जितका विलंब लागे त्यावरून पुढे काय दिसणार याचा अंदाज बांधीत असे.

एप्रिल २०१४ मध्ये माझ्यावर मात्र पाळी उलटली. मी तेव्हा सेवेत होतो. घरी लेकीने बसवून दिलेला, डेबियन लिनक्सवर चालणारा संगणक होता. एके रात्री तिचा पुण्याहून फोन आला. "बाबा, तुमच्या संगणकावर ओपनएसएसएलची कोणती आवृत्ती आहे?" जगभर खळबळ उडवणारा एक दोष त्या आज्ञावलीत सापडला होता. त्याला ‘हार्टब्लीड’ असे नाव पडले होते, आणि संगणकाच्या स्मृतीतील गुप्त मजकूर त्या वाटेने परक्याच्या हाती लागू शकत होता. मला उत्तर ठाऊक नव्हते. ते कोठे पाहावे हेही ठाऊक नव्हते. दुसऱ्यांच्या कोठ्या मोजण्यात आयुष्य गेले, आणि स्वतःच्या मेजावरील यंत्रात काय आहे हे मला सांगता येईना! त्या खजिलपणातून जी जिज्ञासा उपजली तिचे फलित म्हणजे हा लेख होय. लिनक्सवर काय बसवलेले आहे आणि त्यातील काय अद्ययावत करावयाचे राहिले आहे याची नोंद ठेवण्याची पद्धत कशी घडत गेली, तो इतिहास मला आपल्या जुन्या दप्तरांच्या इतिहासाइतकाच उद्बोधक वाटला.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, लिनक्स ही एका घरात शिजलेली रसोई नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त आज्ञावलींची अनेक उपकरणे तयार होऊ लागली. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी येथील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये प्रणालीचा गाभा लिहिला. संपादक, अनुवादक, छपाईची साधने, चित्रमय पडदा, हे सर्व निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या मंडळींनी आपापल्या सवडीने लिहिलेले. एकाच कंपनीने सर्व माल पुरवला तर एक पावती पुरते. हजार घरांतून जिन्नस गोळा झाले तर नोंदवहीवाचून गत्यंतर नाही. नोंदवहीची गरज लिनक्सच्या जन्मातच अशी अंतर्भूत होती.

आरंभीच्या काळी मात्र नोंदवही नव्हती. आज्ञावलीचा मूळ मजकूर एका बांधलेल्या संचात येई. तो उघडावा, यंत्राला समजेल अशा रूपात त्याचे भाषांतर करावे आणि ‘मेक इन्स्टॉल’ अशी आज्ञा द्यावी, की त्यातील फाइली प्रणालीच्या पाच-पंचवीस कप्प्यांत जाऊन बसत. कोणती फाइल कोठे बसली हे लिहून ठेवणारा कोणी नसे. पुढे ती आज्ञावली काढून टाकावयाची झाली तर मालकाने स्मरणावर विसंबावे. माल आवक झाला, पण आवक-वहीत नोंद नाही, अशी ही अवस्था होती.

१९९२ पासून तयार संच, म्हणजे ‘वितरणे’, निघू लागली. त्यांतील ‘एसएलएस’ या नावाचे वितरण फार लोकप्रिय झाले, परंतु त्यातील दोषांविषयी तक्रारीही पुष्कळ होत्या. त्याच्यावर सुधारणा करीत पॅट्रिक वोल्करडिंग यांनी जुलै १९९३ मध्ये ‘स्लॅकवेअर’ प्रसिद्ध केले. स्लॅकवेअरची नोंदपद्धती अगदी साधी : बसवलेल्या प्रत्येक पॅकेजमागे एक साधी मजकुराची फाइल, आणि तीत त्या पॅकेजने आणलेल्या सर्व फाइलींची यादी. वाचण्यास खास साधन नको, कोणीही उघडून वाचावे. कोणत्या पॅकेजला दुसऱ्या कोणत्या पॅकेजची गरज आहे याची नोंद मात्र त्या पद्धतीत नाही. ती जबाबदारी मालकावर. स्लॅकवेअर आजही हयात आहे आणि त्याने हा बाणा सोडलेला नाही.

इतिहासाला खरे वळण मिळाले ते १६ ऑगस्ट १९९३ रोजी. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयान मर्डॉक या तरुणाने त्या दिवशी नव्या वितरणाची घोषणा केली. डेब्रा ही त्याची तत्कालीन सखी. तिच्या व स्वतःच्या नावांचा संधी करून त्याने ‘डेबियन’ हे नाव सिद्ध केले. हे वितरण एका व्यक्तीने नव्हे, तर अनेकांनी मिळून, उघडपणे आणि काळजीपूर्वक सांभाळावे, अशी त्याची कल्पना होती. पण अनेकांनी मिळून एखादी गोष्ट सांभाळावयाची तर तिचे वाटे पाडावे लागतात, आणि प्रत्येक वाट्यावर जबाबदार माणसाचे नाव लागावे लागते. पॅकेज म्हणजे हाच वाटा. डेबियनच्या प्रत्येक पॅकेजमध्ये मालाबरोबर एक माहितीपत्रक असते : नाव, आवृत्ती, कोणाकोणावर अवलंबून, सांभाळणारा कोण, वर्णन काय. आमच्या भांडारातील प्रत्येक कपाटावर ताबेदाराचे नाव चिकटवलेले असे, त्याचेच हे रूप.

हे वाटे बसवणारी व मोजणारी जी आज्ञावली निघाली ती ‘डीपीकेजी’. तिचा पहिला आराखडा मर्डॉक यांचा, आणि १९९४ मध्ये इयान जॅक्सन यांनी तिला आजचा पाया दिला. तिची मुख्य नोंदवही ‘स्टेटस’ नावाच्या एका फाइलीत असते, आणि तीही साध्या वाचनीय मजकुरात. प्रत्येक पॅकेजची फाइलवार यादी वेगळी ठेवलेली असते. एवढेच नव्हे, तर त्या मुख्य नोंदवहीच्या गेल्या काही दिवसांच्या दुय्यम प्रती वेगळ्या कप्प्यात आपोआप जमा होतात. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी मनातल्या मनात त्या अज्ञात कारकुनाला दाद दिली.

परंतु मला सर्वाधिक भावली ती दोन अक्षरांची युक्ती. डीपीकेजीला यादी मागितली की प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरे उमटतात. पहिले अक्षर सांगते की, हे पॅकेज असावे अशी मालकाची इच्छा आहे, की नसावे अशी. दुसरे सांगते की, प्रत्यक्षात स्थिती काय आहे. दोन्ही अक्षरे ‘आय’ असली म्हणजे हवे आहे आणि आहे. ‘आर’ आणि ‘सी’ अशी जोडी आली म्हणजे पॅकेज काढले आहे, पण त्याच्या मांडणीच्या फाइली मागे राहिल्या आहेत. माणूस बदलून गेला, पण त्याचे कागद खणात आहेत. शासकीय सेवेत ज्यांनी मंजूर पदे आणि भरलेली पदे असे दोन रकाने जन्मभर भरले, त्यांना या दोन अक्षरांतील शहाणपण वेगळे समजावून सांगावयास नको. इच्छा आणि वस्तुस्थिती यांची गल्लत न करणे हा नोंद ठेवण्याचा पहिला धर्म आहे.

याच सुमारास दुसरी परंपरा रुजली. ‘रेड हॅट’ या कंपनीत मार्क यूइंग व एरिक ट्रोन यांनी ‘आरपीएम’ ही पद्धत विकसित केली आणि १९९५ पासून ती वापरात आली. आरपीएमची नोंद साध्या मजकुरात नसून एका कोशात, म्हणजे डेटाबेसमध्ये असते. तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यात प्रथमपासून रुजवातीची सोय होती. बसवतेवेळी प्रत्येक फाइलीचा आकार, तिचा अंकरूपी ठसा, मालक व परवानग्या टिपून ठेवल्या जातात, आणि पुढे केव्हाही ‘पडताळा’ अशी आज्ञा दिली की प्रत्यक्ष फाइल त्या टिपणाशी ताडून जेथे फरक असेल ती ओळ दाखवली जाते. डेबियनकडे हे काम ‘डेबसम्स’ नावाचे वेगळे साधन करीत आले. यादी ठेवणे निराळे आणि यादी व माल यांची रुजवात घालणे निराळे, हा भेद संगणकाच्या विश्वातही इतक्या लवकर ओळखला गेला याचे मला समाधान वाटले.

नोंदवह्या झाल्या, पण सुख लाभले नाही. एक पॅकेज बसवू जावे तर ते म्हणे, मला अमुक हवे. ते आणावे तर ते म्हणे, मला तमुक हवे, आणि तेही अमुक आवृत्तीचेच. एका पाहुण्यास बोलवावे आणि त्याच्यामागून सारे वऱ्हाड दारात उभे राहावे, असा प्रकार. या त्रासाला त्या मंडळींनी ‘अवलंबित्वाचा नरक’ असेच नाव दिले होते. यावर उतारा म्हणून डेबियनमध्ये ‘एपीटी’ ही पद्धत तयार झाली आणि ९ मार्च १९९९ रोजी प्रसिद्ध झालेल्या २.१ या आवृत्तीत ती सर्वांच्या हाती आली. दूरच्या भांडाराची सूची आणावी, आपल्या नोंदवहीशी ताडावी, काय काय लागेल त्याचा हिशेब करावा आणि सर्व वऱ्हाड एकदमच आणावे, हे काम तिने अंगावर घेतले. पुढे एपीटीने निमंत्रित कोण आणि त्याच्यासोबत आलेला कोण, हेही टिपून ठेवण्यास आरंभ केला. निमंत्रित निघून गेला की सोबत्यांनाही निरोप देता यावा, हा हेतू.

आरपीएमच्या बाजूस हेच कार्य ‘यम’ने केले. ‘यलो डॉग लिनक्स’ या वितरणातील ‘यप’ या साधनावरून ड्यूक विद्यापीठातील सेथ विडाल व मायकेल स्टेनर यांनी ते घडवले. विडाल यांचे जुलै २०१३ मध्ये, सायकलवरून जात असता मोटारीच्या धडकेने निधन झाले. २०१५ मध्ये फेडोरा २२ पासून ‘यम’ची जागा ‘डीएनएफ’ने घेतली. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी मर्डॉकही वयाच्या ४२ व्या वर्षी गेले. त्यांनी घालून दिलेली घडी मात्र चालू आहे. १९९६ च्या डेबियन १.१ मध्ये ४७४ पॅकेजे होती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ती ६९,८३० झाली. एवढ्या संख्येची गणती माणसाच्या स्मरणाने होणे नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यात मीही फसलो होतो. एपीटीमध्ये ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ‘अपडेट’ने आपल्याकडील एकही पॅकेज बदलत नाही, फक्त भांडाराची ताजी सूची येते. ‘अपग्रेड’ने प्रत्यक्ष माल बदलतो. काय काय बदलण्याजोगे आहे याची यादी हल्ली ‘एपीटी लिस्ट’ या आज्ञेला ‘अपग्रेडेबल’ हा पर्याय जोडून मागता येते. पण सूचीच सहा महिन्यांची शिळी असेल तर ‘बदलण्याजोगे काही नाही’ असे निर्धास्त करणारे उत्तर मिळते, आणि ते सर्वस्वी खोटे असते. जुन्या दरपत्रकावरून काढलेला अंदाज जसा!

आता सूची दुरून येणार म्हटल्यावर ती खरी कशावरून, हा प्रश्न ओघानेच येतो. नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनच्या काही यंत्रांत परक्यांनी शिरकाव केला होता; सुदैवाने पॅकेजांचे भांडार बचावले. २००७ च्या डेबियन ४.० पासून एपीटी स्वतःच स्वाक्षरी तपासू लागली. पद्धत अशी की, प्रत्येक पॅकेजचा ठसा सूचीत असतो, सूचीचा ठसा एका प्रमुख पत्रकात असतो आणि त्या पत्रकावर भांडाराची सही असते. एक सही तपासली की साखळीने सर्व माल तपासला जातो. आपल्या पूर्वजांच्या मोडी पत्रांच्या शेवटी ‘मोर्तब सुद’चा शिक्का उमटलेला असे आणि तो असल्याशिवाय पत्र पुरे झाले असे मानले जात नसे. तोच न्याय येथे लागू झाला.

आता त्या २०१४ च्या रात्रीकडे वळतो. लेकीने सांगितलेली आज्ञा मी टंकित केली, आणि पडद्यावर ‘१.०.१ई’ ही आवृत्ती आली. माझ्या पोटात गोळा आला, कारण वर्तमानपत्रातील माहितीनुसार १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या साऱ्या आवृत्त्या सदोष होत्या आणि १.०.१जी ही पहिली निर्दोष. लेक म्हणाली, "बाबा, पूर्ण ओळ वाचा. शेवटी काय आहे?" शेवटी ‘डेब७यू५’ असे शेपूट होते. त्याचा अर्थ तिने उलगडून सांगितला. डेबियनची मंडळी स्थिर आवृत्तीत सहसा नवा माल घुसवीत नाहीत. जुन्याच मालातील तेवढा दोष दुरुस्त करून शेपटाचा आकडा वाढवतात. हार्टब्लीडची दुरुस्ती ७ एप्रिल रोजी नेमकी त्याच ‘यू५’मध्ये आली होती, आणि लेकीने आदल्या रविवारी लावून दिलेल्या स्वयंचलित व्यवस्थेने ती माझ्या नकळत बसवली होती. मुख्य आकडा जुना, शेरा नवा. केवळ मथळा वाचून अभिप्राय देऊ नये, शेवटचा शेरा वाचावा, हे मी कनिष्ठांना किती वेळा बजावले असेल!

तिने आणखी एक गोष्ट करावयास लावली : संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे. नोंदवहीत नवे पॅकेज लागले तरी आधीपासून चालू असलेले कार्यक्रम जुनाच मजकूर स्मृतीत धरून बसलेले असतात. बदलीचा आदेश निघाला, पण जुना बाबू खुर्चीतच बसलेला, असा प्रकार. डेबियनने दुसऱ्याच दिवशी अशा सेवा पुन्हा सुरू करण्याची सूचना देणारी सुधारित दुरुस्ती काढली. नोंद खरी असूनही वस्तुस्थिती वेगळी असू शकते, हा धडा मी कायमचा शिकलो.

दहा वर्षांनी, २९ मार्च २०२४ रोजी, याच्या नेमकी उलट घटना उघडकीस आली. ‘एक्सझेड’ या संक्षेपन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत कोणी तरी हेतुपुरस्सर चोरवाट ठेवली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्याने कारणाचा माग काढला आणि अनर्थ टळला. या वेळी जे अद्ययावत होते तेच विषारी आणि डेबियनच्या स्थिर आवृत्तीतील जुने ५.४.१ तेच सुरक्षित! ताज्या, चाचणीच्या शाखेत मात्र सदोष पॅकेज पोहोचले होते. ते मागे घ्यावयाचे कसे? पॅकेजच्या नोंदवहीत आकडा पुढेच जातो; मागचा आकडा दिला तर यंत्रे त्याला जुना समजून स्वीकारणार नाहीत. तेव्हा त्यांनी जो क्रमांक दिला तो असा : ‘५.६.१+रिअली५.४.५’. वर दिसावयास ५.६.१, पण ‘खरे पाहता’ ५.४.५. हे वाचून मला आमच्या लेखाधिकाऱ्यांचे वचन आठवले. चुकीची नोंद खरवडून काढावयाची नाही. तिच्यापुढे दुरुस्तीची नोंद करावयाची, म्हणजे चूक झाली होती हेही पुस्तकात राहते.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे नोंदवहीचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. काय आहे, हे ती सांगते. चांगले की वाईट, हे ती सांगत नाही. शिक्कामोर्तब झालेला मालही दूषित असू शकतो, कारण तो बांधणाऱ्याचाच घात झालेला असतो. त्यासाठी अर्धा सेकंदही खटकणारा माणूस लागतो. पण हेही खरे की, दोन्ही प्रसंगी जगातील लक्षावधी यंत्रांच्या मालकांना प्रथम एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले : तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे? ज्यांच्याकडे यादी होती त्यांनी काही क्षणांत उत्तर दिले.

अलीकडे हा प्रश्न पुन्हा बिकट होत चालला आहे. ‘स्नॅप’, ‘फ्लॅटपॅक’, ‘डॉकर’ अशा नव्या पद्धतींत प्रत्येक आज्ञावली आपला शिधा स्वतःच बांधून आणते आणि आपली वही वेगळी ठेवते. एकाच घरात पाच कोठ्या, पाच वह्या, आणि एकीला दुसरीची खबर नाही. म्हणूनच आज्ञावलीतील घटकांची सविस्तर यादी तिच्यासोबतच दिली पाहिजे, असा आग्रह सरकारे धरू लागली आहेत. अमेरिकेत मे २०२१ मध्ये तसा आदेश निघाला. आपल्या देशात ‘सर्ट-इन’ने २०२४ मध्ये त्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आपल्या ‘सी-डॅक’ने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली असल्याने वर सांगितलेली सर्व दप्तर-व्यवस्था तिच्याकडेही वारशाने आली आहे.

निवृत्तीनंतर आपल्या मंडळाच्या ग्रंथालयातील जुना संगणक माझ्या ताब्यात आला. आजोबा-पणजोबांनी या शहरात येताना बरोबर आणलेल्या पोथ्या आणि नंतर जमवलेली मासिके यांची सूची त्यावर आहे. ही सूची नष्ट झाली तर ती पुन्हा करावयास आता तितकी माणसे उरलेली नाहीत. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ग्रंथसूचीची प्रत काढतो, ताजी पॅकेज-सूची आणवतो, बदल पाहतो, लागणारे बदल करतो आणि बसवलेल्या पॅकेजांची यादी छापून फाइलीला लावतो. गेल्या वर्षी त्या संगणकाची तबकडी निकामी झाली, तेव्हा त्या यादीवरून लेकीने एका संध्याकाळी दुसऱ्या यंत्रावर सर्व मांडणी पूर्ववत केली, आणि ग्रंथसूची तिच्या प्रतीवरून परत आली.

त्या यादीत आरंभी दोन ‘आय’ असलेली एक ओळ आहे : ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’. देवनागरी अक्षरे पडद्यावर उमटतात ती तिच्यामुळे. फाइलीच्या पहिल्या पानावर मी प्रभार-हस्तांतरणाचा कोरा नमुना लावून ठेवला आहे. देणाऱ्याच्या जागी माझी सही झालेली आहे. घेणाऱ्याची जागा रिकामी आहे. मंडळातील कोणा तरुणाने अथवा तरुणीने ती भरावी, आणि भरण्यापूर्वी यादी व यंत्र यांची रुजवात घालून घ्यावी, एवढीच विनंती.